फोटोतून पुसलेला खडा

मी एका फोटोतून एक खडा पुसला. बोटानं, चहा पिता पिता. केलं ते एवढंच. पण उरलेला उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग मी त्या पुसलेल्या खड्याच्या भीतीत काढला, आणि त्या काळात माझं शहाणपण कुठं जाऊन बसलं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

जळगाव जामोदला एका शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर फोटो काढतो. घरचे हे वाक्य उलटं करून सांगतात. शेजाऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटवर चढून उभी राहिलेली बकरी, बाजारात मिरच्यांच्या ढिगाआड शिंका देणारी बाई, बसस्टँडवर स्वतःच्याच गाठोड्यावर बसून शेंगा खाणारे आजोबा, पाऊस उघडल्यावर हात लांबवला तर लागेल इतका जवळ आलेला सातपुडा, असले माझे विषय. फोटोतली माणसं मात्र बहुतेक वेळा डोळे मिटलेली येतात. बकरीचे तेवढे उघडे आले होते. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी कुणाचा फोटो टाकला, की सासरवाडीकडून हमखास विचारणा होते, "भाऊजी, जिवंत हाये ना हा माणूस?"

दर उन्हाळ्यात माझी बायको कुरोड्या करायला माहेरी, पिंपळगाव राजाला जाते. तिघी बहिणी मिळून एकाच दिवशी करतात. थोरली अकोल्याहून येते, धाकटी तिथंच गावात दिली आहे, आणि मधली माझी. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून ठेवलेला असतो. पहाटे तो शिजवायचा, न थांबता घाटायचा, आणि गरम आहे तोवर साच्यातून गच्चीवरच्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर घालायचा. फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वाटी, तांब्या, दगड, हाताला लागेल ते वजन ठेवलेलं असतं. माझं काम पातेली वर नेणं आणि नंतर मध्ये न येणं.

त्या दिवशी शेवटचं पातेलं रिकामं झालं आणि तिघी फडक्याच्या कडेला टेकल्या. हातांना कोपरापर्यंत चीक. उन्हं तिरपी होती, फडक्यावरच्या ओल्या कुरोड्या चकाकत होत्या, आणि धाकटीनं सासूची काहीतरी नक्कल केल्यामुळे तिघीही मोकळ्या हसत होत्या.

"थांबा," मी म्हणालो. "हलू नका. तशाच बसा."

"अवतार पाहा आमचा!" थोरली म्हणाली.

"तोच पाहिजे."

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तळातून, माझ्या सासूबाईंचा आवाज आला. त्यांचे गुडघे धरलेले, त्या गच्चीवर येत नाहीत, पण गच्चीवर काय चाललंय ते त्यांना खालून बरोबर कळतं.

"तिघींचाच काढून राह्यले का, बापू?"

"हो आई."

"नका काढू, नका काढू! चौथं कोनी घ्या संगं."

"इथं कोणीच नाही, आई. आणि हे कोवळं ऊन जाईल."

"मंग खडा घ्या वं पोरीहो, जवळ!"

आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. तिघांनी मिळून चांगल्या कामाला निघू नये. निघावंच लागलं तर वाटेतला एक खडा उचलून बरोबर घ्यायचा, तो खडा म्हणजे चौथा माणूस. फोटोचंही तेच. तिघांचा फोटो काढला तर मधल्या माणसाला भोवतं म्हणतात. आणि माझी बायको जन्मानंही मधली, बसलीही होती मधोमध.

"काय भाऊजी," धाकटी म्हणाली, "तुमच्या शाळेत चालते का हे?"

मी दरवर्षी शाळेत मुलांपुढे लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढतो आणि मग ते कसं काढलं ते सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या अंगात होत्याच. "शाळेत चालत नाही आणि फोटोतही चालत नाही," मी म्हणालो. तिघी हसल्या, जरा हलल्या, पुन्हा बसल्या, आणि मी फोटो काढला.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे आले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तो फोटो चहासोबत पाहत बसलो. उत्तम होता. फक्त एक गोष्ट खटकत होती. बायकोच्या गुडघ्यासमोर, पांढऱ्याशुभ्र फडक्यावर, एक काळा खडा. हाच तो, सासूबाईंचा चौथा माणूस, असं मी मनाशी म्हणालो. माझ्या नव्या फोनमध्ये नको ते पुसायची सोय आहे. बोटानं गोल केला. फोननं विचारलं, पुसायचं? म्हटलं, पूस. खडा गेला, आणि त्या जागी फोननं स्वतःच्या मनानं एक कुरोडी घातली. तिघींपैकी कुणीही न घातलेली, पण हुबेहूब. मी खूश झालो. फोन भरल्याची तक्रार करत होता म्हणून मूळ फोटो काढून टाकला, त्याची कचरापेटीही रिकामी केली, आणि नवा फोटो ग्रुपवर टाकला.

खूप कौतुक झालं. कुणीतरी लिहिलं, भाऊजी सुधारले.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा फोन आला. मला वाटलं आणखी कौतुक.

"भाऊजी, फोटो मोठा करून पाहा जरा. मधलीच्या गळ्यापाशी काय हाये?"

मी मोठा करून पाहिला. "सावली आहे."

"सावली तिच्याच गळ्यावर काऊन पडली मंग? आमच्या दोघींच्या गळ्यावर तर नाई."

फोटोबद्दल कुणी शंका काढली की मला राग येतो. पण यावेळी रागवायचं राहूनच गेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती कणीक मळत होती.

"जरा वर पाहा," मी म्हणालो.

"काय वर पाहू? पाल हाये का?"

"नाही. मान वर कर."

तिनं केली. गळ्याच्या डाव्या बाजूला, रोज समोरासमोर बसून जेवतानाही मला कधी न दिसलेला, बोराएवढा उंचवटा होता. फोटोत दिसत होता तसाच. मी बोट लावलं.

"हे होय?" ती म्हणाली. "हे तर कधीचं हाये. दुखत नाई काई."

दुखत नाही, हे ऐकून एखाद्या अडाणी माणसाला बरं वाटलं असतं. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. दुखत नाही अशा गाठींबद्दल मी कुठंतरी अर्धवट वाचलेलं होतं, आणि ते अर्धवट नेमकं त्याच क्षणी आठवलं. मी हात मागं घेतला.

तिथून पुढं सगळं एकामागून एक आलं. आमच्या डॉक्टरांनी खामगावला सोनोग्राफी करायला सांगितली. सोनोग्राफीवाल्यांनी अकोल्याला जाऊन सुई टोचून तपासायला सांगितलं. सुईच्या तपासणीत नक्की काही कळेना. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गाठ काढूनच तपासावी लागेल, पावसाळ्यात या, तोवर घाई नाही, बहुतेक काही नसेल.

बहुतेक. माणसं एखादा शब्द धरून बसतात तसा मी तो धरून बसलो. एसटीत, वर्गात, आंघोळीच्या बादलीपुढं. त्या शब्दाची गंमत अशी, की आधार म्हणून हातात घेतला की तो हातातच वाकतो. बायको मात्र त्या दिवशी अकोल्याहून येताना बाजारातून गवार घेऊन आली, आणि घरी आल्यावर ती निवडत बसली. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. हात नेहमीसारखेच चालले होते. मला तेही बरं वाटेना. हिला भीती वाटत नसेल तर हिला कळलेलं नाही, आणि वाटत असेल तर ही माझ्यापासून लपवते आहे, असं दोन्हीकडून मला घाबरायला मिळत होतं.

अशात धाकटीचा फोन आला. आवाज दबलेला.

"भाऊजी, ताई जवळ हाये का?"

"नाही. काय झालं?"

"बाहेर या घराच्या."

मी अंगणात आलो.

"माय कालपासून जेवली नाई. मी तिले तो फोटो दाखवला. तिनं लय येळ पाह्यला अन् मले म्हने, खडा कुठी हाये यात? भाऊजी, काळा दगड होता ना फडक्यावर? ताईच्या समोर? मी पाह्यला होता. तो कुठी गेला?"

मी मागं वळून घराचं दार लोटून घेतलं.

"भाऊजी?"

"पुसला."

"पुसला? कायले?"

"चांगला दिसत नव्हता."

मग ती म्हणाली, "ताईले सांगू नका बरं. आधीच तिच्या मागं हे लागलेलं. तिले कायले भेव घालता."

तिनं थोरलीला सांगितलं. थोरलीनं मला फोन करून तेच बजावलं, मधलीला सांगू नका. सासूबाईंनीही दोघी पोरींना तीच ताकीद दिली. म्हणजे ज्या माणसाचा खडा होता त्या एका माणसाला सोडून तो गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर मला सगळीकडं तीनच दिसायला लागले. प्रयोगशाळेत स्टँडवर तीन परीक्षानळ्या होत्या, मी चौथी आणून ठेवली. एका मुलीनं विचारलं, "सर, यात काय टाकायचं?" मी म्हणालो, "काही नाही. राहू दे." मधल्या सुट्टीत दोन सहकारी आणि मी चहाला बसलो, तर मी शिपायाला आग्रह करकरून बसवलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं त्याची काही चौकशी आहे. ताटात तिसरी पोळी पडली की मी चौथीचा तुकडा मागून घ्यायचो.

"भूक वाढली का तुमची?" बायकोनं विचारलं.

"हो, जरा वाढलीय."

"लोकाइची बायको बिमार पडली तर भूक जाते," ती म्हणाली आणि तुकडा वाढून गेली.

खडा परत आणायचाही मी प्रयत्न केला. मूळ फोटो गेला होता तो गेलाच. मग अंगणातल्या एका खड्याचा फोटो काढून तो या फोटोत चिकटवायला बसलो. चिकटला, पण नारळाएवढा दिसू लागला. लहान केला तर हवेत तरंगू लागला. शेवटी तो बायकोच्या मांडीवर जाऊन बसला, आणि फोननं आपणहून विचारलं, हे नको असलेलं पुसायचं का? मी फोन उपडा करून ठेवला.

खड्याच्या जागी फोननं घातलेली ती कुरोडी मात्र मी सारखी पाहत असे. पहिल्या दिवशी जी हुबेहूब वाटली होती ती जवळून पाहिल्यावर कुरोडी नव्हतीच. तिच्या शेवेला टोक नव्हतं. ती कुठून सुरू होते ते सापडत नव्हतं, नुसती आतल्या आत वळत गेलेली. पाहता पाहता ती मला गाठीसारखी दिसू लागली. बायकोच्या समोर, तिच्या गुडघ्याशी, माझ्या हातानं ठेवलेली. मग मी मुलांना शिकवलेलं सगळं स्वतःला पुन्हा शिकवायचो. फोटोच्या कितीतरी आधीपासून गाठ आहे. ती स्वतःच म्हणाली, कधीचं हाये. कारण आधी येतं, परिणाम नंतर. हे सगळं मला पटायचं, आणि पटून झाल्यावर भीती जागच्या जागी असायची, जणू मी तिच्याशी बोलतच नव्हतो.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी नांदुऱ्याला शाळेच्या कामाचं निमित्त सांगून निघालो, आणि नांदुऱ्याला गाडी बदलून पिंपळगाव राजाला गेलो. पूर्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा शेजारचा माणूस नदीला हात जोडत होता. मी इकडंतिकडं पाहून जोडून घेतले.

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. मी सरळ गच्चीवर गेलो. कुरोड्या कधीच डब्यांत गेल्या होत्या. गच्चीवर दोरीला एक लुगडं आणि कोपऱ्यात फडक्यावर ठेवायचे ते दगड तेवढे पडलेले. काळे, भुरकट, लहान, मोठे. मला वाटलं होतं, पाहिल्याबरोबर ओळखेन. मी तर तो खडा जवळून पाहिला होता, मोठा करून पाहिला होता, त्याच्याभोवती बोट फिरवलं होतं. पण त्यातला एकही मला तो वाटेना, आणि मग सगळेच तो वाटायला लागले. शेवटी मी सुपारीएवढे मावले तेवढे पँटच्या खिशात घातले.

जिना उतरलो तर खालच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या.

"काय हुडकत होते, बापू?"

"काही नाही आई. त्या दिवशी चष्म्याचा स्क्रू पडला होता."

"चष्मा तर डोळ्यावर हाये."

"दुसऱ्या चष्म्याचा."

त्यांनी माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. जरा सरकून मला पायरीवर जागा करून दिली. जावयाला पायरीवर बसवायची ही त्यांची पहिलीच वेळ असेल. मी बसलो तसे खिशातले खडे मांडीला टोचले.

"तिघीच झाल्या मले," त्या म्हणाल्या. "लोक म्हनत, चौथा पोरगा होईन. नाई झाला. मंग मी तिघींले शाळेत धाडतांनी रोज एक खडा देत जावो. मोठीच्या हातात धाकटीचा हात राहे, मनून खडा मधलीजवळ. तिचा एक हात रोज खड्यात गुतलेला. पाटीही एका हातानं धरे पोरगी. कधी कटकट नाई केली."

मी मान हलवली.

"त्या दिवशी माहे गुडघे चालले असते तर मीच आली असती वर. मीच बसली असती चौथी. म्हातारी आली असती फोटोत तर काय बिघडत होतं?"

"आई, त्या फोटोचा काही संबंध नाही," एवढं मी म्हणायला हवं होतं. वर्गात हे वाक्य मी खडूसुद्धा खाली न ठेवता म्हणतो. तिथं खिशात दगड घेऊन बसलेल्या माणसाच्या तोंडून ते निघेना.

"तिले काई होईन का, बापू?"

"डॉक्टर म्हणाले, बहुतेक काही नाही."

"बहुतेक मनजे?"

मी खिशावर हात दाबला. मग त्यांनी आत जाऊन पोहे केले, आणि मी ते खाल्ले, कारण दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी अकोल्याला थोरलीच्या घरून आम्ही रिक्षानं निघालो. बायको, थोरली आणि मी. तिघं. थोरलीनं माझ्याकडं पाहिलं, मी खिशावर हात ठेवला, तिनं डोळे मिटून मान हलवली. बायको रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. तिच्या मांडीवर तिच्या रुमालाची गुंडाळी होती आणि त्यावर तिचा हात.

दवाखान्यात नर्सबाई म्हणाली, अंगावर काही ठेवायचं नाही. बायकोनं बांगड्या काढल्या, जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं. मंगळसूत्र निघालं तेव्हा गळ्यावरची ती जागा एकदम उघडी पडल्यासारखी दिसली, आणि मी दुसरीकडं पाहिलं. पाठ करून तिनं सगळं रुमालात बांधलं, घट्ट गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं. "सांभाळा. सोडू नका." मी शर्टाच्या खिशात ठेवलं.

"हात मोकळे आहेत ना? दाखवा," नर्सबाई म्हणाली.

बायकोनं दोन्ही तळवे उघडून दाखवले. रिकामे, धुतलेले, जरा थरथरणारे. तिचे हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिले. एवढे दिवस मी तिच्या भीतीची वाट पाहत होतो, आणि आता ती समोर होती. मला काय झालं कोण जाणे, मी खिशात हात घातला, त्यातल्या त्यात काळा खडा काढला आणि नर्सबाईच्या मागं गेलो. तो मी आदल्या दिवशी साबणानं धुवून ठेवला होता.

"सिस्टर, हा... तिच्याजवळ ठेवता येईल का?"

तिनं माझ्या तळहातावर पाहिलं. "मुतखडा दाखवायचा असेल तर खालच्या मजल्यावर, सर," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बाकावर थोरली आणि मी बसलो. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी खिशातले खडे एकमेकांवर घासत होतो, त्यांचा आवाज येत होता, आणि समोरचा एक माणूस माझ्या खिशाकडं संशयानं पाहत होता. त्या दारातून कुणीही बाहेर आलं की मी उठायचो. एकदा एक सफाईवाली बादली घेऊन आली, मी तिच्यासाठीही उठून उभा राहिलो.

थोरलीनं फोन काढला, तो फोटो उघडला.

"बंद कर तो," मी म्हणालो.

"काऊन?" ती म्हणाली. "यातच तर दिसलं ना भाऊजी. हा फोटो नसता तर अजून बसलो असतो, दुखत नाई, दुखत नाई करत."

हे मला एवढ्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. पण त्या वेळी तेही कानावरून गेलं. मला त्या फोटोत फक्त ती टोक नसलेली कुरोडी दिसत होती.

गाठ निघाली. ती शुद्धीवर आली, पाणी मागितलं, मला म्हणाली, "दाढी नाई केली?" गाठ तपासायला गेली, आणि अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण त्या दिवसांत मी काहीच केलं नाही. भिंतीवरच्या पालीकडं पाहायचो. फोनला हात लावला नाही. अंगणाच्या भिंतीवर ती बकरी येऊन उभी राहायची, तिचाही फोटो काढला नाही.

अहवालाच्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. तेवढ्यात मी त्यांच्या चेहऱ्यावरून वाईट ते सगळं वाचून काढलं होतं.

"साधी गाठ आहे," ते म्हणाले.

"बहुतेक?" मी विचारलं.

"नाही. साधीच आहे."

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. बायको म्हणाली, "मी मनतच होती, दुखत नाई." बाहेर आल्यावर थोरलीला फोन केला, धाकटीला केला, आणि सासूबाईंशी बायकोच बोलली.

जळगाव जामोदला परत आलो. दुसऱ्या दिवशी ती धुण्याला बसली आणि बाथरूमच्या फरशीवर खडखड आवाज झाला.

"आवो! या पँटीत गोटे कायचे?"

मी दारात गेलो. तिच्या गळ्यावर पट्टी होती, हाताला फेस होता, आणि समोर पिंपळगावचे खडे पसरले होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. फोटो, पुसणं, सासूबाईंचं न जेवणं, नांदुऱ्याचं खोटं, पूर्णेला जोडलेले हात, साबणानं धुतलेला खडा. सांगताना मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. फेसाचे हात पदराला पुसून म्हणाली, "आना फोन."

तिनं फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, गळ्याकडं गेली नाही, खाली गेली. डाव्या हातावर थांबली. दोघी बहिणींचे हात उघडे, चीक लागलेले. हिचा उजवाही तसाच. डावा मात्र मांडीवर होता, आणि मूठ वळलेली होती.

मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला असेल. ती मूठ मी पाहिली नव्हती.

"तुमी पुसला तो फडक्यावरचा दगड," ती म्हणाली. "वाऱ्यासाठी ठेवलेला. खडा माह्या मुठीत होता. मायनं म्हटलं तवाच उचलला. मले सवय हाये त्याची."

"मग बोलली का नाहीस?"

"कोनी विचारलं का मले? चौघंही भेत बसले, एकानं तरी विचारावं."

मी खाली बसून खडे गोळा करायला लागलो. जरा वेळानं, धुण्याकडंच पाहत, ती म्हणाली, "दवाखान्यात त्या नर्सनं हात मोकळे करायले लावले, तेवढ्या येळ मात्र मले भेव वाटलं. मनून तुमच्याजवळ दिला."

"काय दिला?"

"रुमालात काय बांधून दिलं होतं?"

"बांगड्या. जोडवी. मंगळसूत्र."

"अन्?"

मी पाहिलं नव्हतं. सोडू नका म्हणाली होती, मी सोडलं नव्हतं, बांधलेलंच तिला परत दिलं होतं. छातीवरच्या खिशात ते घेऊन त्या बाकावर बसलो होतो, आणि दुसऱ्या खिशातले भलतेच दगड घासत होतो.

तिनं माझ्या हातातले खडे घेतले, खिडकीतून अंगणात टाकले, आणि पँट पुन्हा पाण्यात बुडवली.

"लोकाइचे डोळे उघडे आले का ते पाहत बसता, हात नाई पाहत कोनाचे," ती म्हणाली. "पुढच्या साली फोटो दुसऱ्या कोनाले काढू द्या, अन् तुमी बसा आमच्यात चौथे. खडा बी लागत नाई मंग, अन् चीक घाटायले एक मानूस भेटते."